वरच्या मजल्यावरची पावलं

"हळू टाक पाऊल, हळू लाव कडी,
बापाच्या डोळ्याला आली नीज थोडी."

आईचा हा आवाज कानात कधी येऊन बसला, ते त्या पोरीला सांगता आलं नसतं. दात यायच्या आधीच आला असावा. बाप वर्तमानपत्राच्या छापखान्यात रात्रपाळीला. जग कामाला निघे तेव्हा तो शाईचे हात घेऊन घरी येई, आणि दोन खोल्यांच्या त्या घरात दिवसाढवळ्या रात्र होई. आई भांडं ठेवायची ते फडक्यावर, बोलायची ती नुसत्या ओठांनी, आणि पोर धावायला लागली की ही ओळ गुणगुणायची, अर्धी पोरीसाठी, अर्धी स्वतःसाठी.

पोर शिकली. दार उघडताना जरा वर उचलून धरलं की बिजागरी कुरकुरत नाही. जिना भिंतीकडच्या कडेनं उतरला की पायरी बोलत नाही. शिंक आली तर ती उशीला द्यायची. बाप कौतुकानं म्हणायचा, "ही पोरगी नाही, सावली आहे. आली कधी, गेली कधी, जमिनीलाही पत्ता नाही." तेच नाव पडलं. सावली.

पुढे सावली विद्यापीठात गेली, घरापासून रेल्वेनं एक अख्खा दिवस लांब. वसतिगृहात जागा फक्त पहिल्या वर्षापुरती. दुसऱ्या वर्षापासून ज्यानं त्यानं बाहेर खोली बघायची. बघायची म्हणजे काय, चपला झिजवायच्या. एका खोलीला झकास खिडकी होती, पण ती शेजाऱ्यांच्या स्वयंपाकघरात उघडत होती. एका मालकाला पाहुणे चालत नव्हते, आणि पाहुण्यांत त्यानं आईबापही धरले होते. एका घरात आधीच पाच जणी होत्या. सहावीसाठी जी जागा दाखवली तिला कपाट म्हणावं, तर कपाटाला निदान दार असतं.

शेवटी खोली शोधून दिली ती रेडिओनं. रेडिओ म्हणजे तिच्या वर्गातली मैत्रीण. बंद करायचं बटण देव विसरला होता म्हणून हे नाव.

"खोली सोन्यासारखी आहे," रेडिओ म्हणाली. "विद्यापीठाच्या फाटकापासून दहा मिनिटं. वरचा मजला, खिडकीशी झाड. पण खाली मालकीणबाई. टेलिफोनकाकू. एकतीस वर्षं एक्स्चेंजात ऑपरेटर होती. मुंगीच्या पायातलं घुंगरू ऐकू येतं तिला. आधीचा भाडेकरू दोन महिन्यांत पळाला."

"का?"

"आवाज करत असणार! आणखी काय?"

सावली हसली. आयुष्यात पहिल्यांदा कुणी तिच्याच विषयाची परीक्षा काढली होती.

टेलिफोनकाकू उंच, ताठ, पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा. दाराची घंटा वाजली की अजूनही "बोला" म्हणूनच दार उघडायच्या.

"काय शिकतेस?"

"भूगर्भशास्त्र, काकू."

"म्हणजे?"

"दगड."

"सगळी वर्षं दगडच?" काकूंनी चष्म्यावरून पाहिलं. "बरंय. निदान उलट बोलत नाहीत."

मग त्यांनी दोन्ही चाव्या तिच्या हातावर ठेवल्या. "माझ्याकडे एकही ठेवत नाही. ज्याचं बिऱ्हाड, त्याची चावी. दुसऱ्याच्या लाइनीत कान घालायचा नाही, हे मी नोकरीच्या पहिल्या दिवशी शिकले."

"काकू, आवाजाची काळजी करू नका," सावली घाईनं म्हणाली. "मी अजिबात आवाज करत नाही."

"अजिबात?"

"अजिबात."

काकू क्षणभर तिच्याकडे बघत राहिल्या. "बघू," म्हणाल्या. तो 'बघू' सावलीनं गाठीला बांधून वर नेला.

खोली खरंच सोन्यासारखी होती. लाकडी जमीन, मोठं टेबल, खिडकीत पानांची हिरवी सळसळ. पलंगापासून खिडकीपर्यंत जमिनीवर एक फिकट पट्टा होता, कुणीतरी वर्षानुवर्षं त्याच वाटेनं चालल्यासारखा. जन्मात पहिल्यांदा तिची स्वतःची खोली, आणि त्या खोलीत कुणीही झोपलेलं नव्हतं. तरी पाय हळूच पडत होते. सवयीला कुठे कळतं घर बदललं ते?

दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वासातला टकटक.

"पाणी येतंय ना?" दारात काकू.

"येतंय, काकू."

"बरं." आणि गेल्या.

तिसऱ्या दिवशी बल्ब. चौथ्या दिवशी, "उंदीर बिंदीर दिसला का?" पाचव्या दिवशी काकूंना पेन हवं होतं, आणि त्यांच्या स्वतःच्या कानामागे पेन्सिल खोचलेली होती. रोज सव्वासातला, घड्याळ लावून घ्यावं अशी टकटक. दार उघडलं की काकू तिला नखशिखांत बघायच्या, श्वास सोडायच्या आणि उतरायच्या.

"तपासणी!" रेडिओनं निकाल दिला. "पुरावा शोधतेय. एक दिवस सापडलीस की बाडबिस्तरा रस्त्यावर."

सावलीनं खुर्चीच्या चारही पायांना जुने मोजे चढवले. ते पाहून रेडिओ पलंगावर लोळली. "आता टोपरं पण शिव त्या खुर्चीला. काजळाची तीट लाव." सावली हसली, पण मोजे काढले नाहीत.

आणि गंमत अशी, की सकाळची ती तपासणी सोडली तर काकूंइतकं मायेचं माणूस त्या गावात तिला दुसरं भेटलं नव्हतं. रविवारी दुपारी चहाची किटली घेऊन काकू वर येत आणि टेबलावरच्या दगडांना भेटत. भेटतच; दुसरा शब्द नाही.

"हा कोण?"

"काळा कातळ, काकू. ज्वालामुखीतून आलेला."

"म्हणजे तापट घराण्यातला. आणि ही पट्ट्यापट्ट्यांची?"

"ही नदीच्या गाळाची. थरावर थर साठून."

"सोशिक दिसते." मग काकू दगड उचलून कानाला लावायच्या. सावली विचारायची, "काय म्हणतोय?" काकू डोळे मिटून एक्स्चेंजातल्या गोड आवाजात सांगायच्या, "या मार्गावरील सर्व लाइनी व्यस्त आहेत." दोघी हसायच्या. दगडांवर चिकटवायच्या चिठ्ठ्या काकूच लिहून द्यायच्या, मोत्यासारखं अक्षर. त्या चिठ्ठ्या पाहून सर वर्गात म्हणाले होते, "दगड कसेही असोत, नावं राजघराण्यातली वाटतात."

एकदा तो तापट कातळ तिच्या हातून निसटला. धडाम! अख्खं घर हादरलं. सावली जागच्या जागी गोठली. जिन्यावर भराभर पावलं वाजली. दारात काकू, धापा टाकत.

"पडला?"

"चुकून, काकू. पुन्हा नाही पडणार. शपथ."

"तुझ्या पायावर नाही ना पडला?"

"नाही."

"मग पडू दे की!" काकू म्हणाल्या आणि गुणगुणत खाली गेल्या.

गुणगुणत! सावलीला रात्रभर ते गुणगुणणं टोचलं. हा उपहासच का, असं वाटलं. दुसऱ्या दिवसापासून ती दगड टॉवेलात गुंडाळून ठेवू लागली.

दिवस गेले, महिने गेले, झाडानं पानं गाळली, नवी घेतली. कराराचं वर्ष सरत आलं. पुढचं वर्ष शेवटचं, प्रबंधाचं. ही खोली गेली तर पुन्हा चपला झिजवणं आलं, ते कपाट आलं. पण खरं सांगायचं तर तिला धास्ती होती ती कपाटाची नाही. रविवारची किटली गेली तर? दगडांना नावानं हाक कोण मारणार?

आणि एका गुरुवारी, सव्वासातला, काकू पाण्याचं, बल्बाचं, उंदराचं काहीच बोलल्या नाहीत. उंबऱ्यावर थांबून म्हणाल्या, "करार संपतोय. रविवारी बसू. मला तुझ्याशी थोडं बोलायचंय. आधीच बोलायला हवं होतं."

"संपलं," रेडिओ म्हणाली, आणि पहिल्यांदाच पुढे काही बोलली नाही.

शनिवारी वर्गाची सहल होती, डोंगरात दगड गोळा करायला. बस पहाटे पाचला. सावलीनं ठरवलं, निदान या दोन दिवसांत तरी ठपका नको. दिवा न लावता, चाचपडत तिनं पिशवी भरली. बूट हातात घेतले. दार वर उचलून धरलं, ओढलं. आपोआप लागणारं कुलूप बोटानं दाबून अलगद बसवलं. जिना भिंतीच्या कडेनं. कापसावरून कापूस जावा तशी गेली. फोन टेबलावरच राहिला, हे बस डोंगराच्या पायथ्याशी पोचल्यावर लक्षात आलं.

दुपारी तीनला ती परतली. खांद्यावर दगडांची पिशवी, गुडघ्यापर्यंत धूळ. जिन्याच्या वरच्या पायरीवर एक माणूस हत्यारं पसरून बसला होता. कुलूपवाला. आणि तिच्या खोलीचं दार सताड उघडं. जिथे कुलूप होतं तिथे गोल भोक.

रविवारपर्यंतही थांबल्या नाहीत!

"ह्याच का त्या ताई?" कुलूपवाला वळून आत ओरडला. "घ्या काकू, आल्या तुमच्या! धडधाकट! तरी मी सांगत होतो, आतून कडी नाही, माणूस बाहेर गेलंय. पण ऐकतील तर शपथ. म्हणे, आधी तोडा, मग बोला." तो तिच्या कानाशी झुकला. "ताई, सकाळपासून पाण्याचा घोटही घेतला नाही त्यांनी. जरा चहा पाजा."

आत काकू मोजे घातलेल्या खुर्चीत बसल्या होत्या. अंबाडा सुटलेला. तिचा फोन त्यांच्या मांडीवर.

"कुठे होतीस?"

"सहलीला... दगड..."

"सांगून नाही जायचं?"

"पहाट होती, काकू. तुमची झोप मोडेल म्हणून."

"झोप मोडेल!" काकूंचा आवाज चिरकला. "सव्वासातला दार वाजवलं. आठला वाजवलं. खालून फोन लावला, तर तो वर टेबलावर घूं घूं करतोय आणि उचलत कुणी नाही. एकवीस वेळा लावला मी. एकवीस वेळा ह्या छताकडे बघत उभी राहिले!"

सावलीनं पिशवी खाली ठेवली. अर्थात, आवाज न करता. आणि वर्षभराचं साचलेलं एकदम बाहेर आलं.

"मला काढायचंय ना, काकू? सरळ सांगा. पण माझी चूक काय ते तरी सांगा. वर्षभर मी टाचही टेकवली नाही. खुर्चीला मोजे घातले. दगड टॉवेलात ठेवले. शिंकसुद्धा उशीत शिंकले. रोज सकाळी तुम्ही तपासायला येता, रोज मी..."

"तपासायला?" काकू तिच्याकडे बघतच राहिल्या. मग त्यांची नजर खुर्चीच्या पायांवर गेली. "हे मोजे... माझ्यासाठी?"

सावलीनं मान हलवली. मग तिनं सांगितलं. छापखाना, रात्रपाळी, दिवसा झोपणारा बाप. आईची ती ओळही म्हणून दाखवली, आई म्हणायची तशीच, नुसत्या ओठांनी. काकूंना ती नीट ऐकू आली. एकतीस वर्षं असले आवाज ऐकण्यातच गेली होती.

जिन्यावर कुलूपवाला नवं कुलूप बसवायला लागला होता. त्याचा स्क्रू फिरत होता, खर्र, खर्र.

सावलीनं पिशवीच्या कप्प्यातून जुन्या कुलपाची दुसरी चावी काढली आणि काकूंच्या हातात ठेवली. आता ती काही उघडणार नव्हती. पण काकूंनी मूठ मिटली.

"बस," त्या म्हणाल्या. "उद्या सांगणार होते. आजच सांगते. सांगितलं असतं तर तू राहिली नसतीस, म्हणून गिळलं. आधीच्या मुलाला सांगितलं होतं, तो दोन महिन्यांत गेला."

त्या उठल्या. पलंगापासून खिडकीपर्यंतच्या त्या फिकट पट्ट्यावर जाऊन उभ्या राहिल्या.

"ही माझ्या ताईची वाट. लग्न तिनं केलं नाही, मी केलं नाही. ती वर, मी खाली. रोज सव्वासातला उठायची आणि खिडकीपर्यंत चालत जायची. धप, धप, धप. माझी रोज कटकट, अगं ताई, हत्तीण का तू? झोपू दे की! एका सकाळी वाजलं नाही. मला वाटलं, आज ऐकलं बाईनं माझं. कूस बदलली आणि झोपले. छान झोपले गं मी. नऊला वर आले, तर..." त्यांनी पलंगाकडे पाहिलं आणि पुढचं सोडून दिलं.

"एक्स्चेंजात पहिल्या दिवशी शिकवतात. मोकळ्या लाइनीत कुणी बोलत नसलं तरी बारीकशी घूं असते. मेलेल्या लाइनीत काहीच नसतं. वर्षभर मी खाली बसून वर कान लावतेय, आणि काहीच नाही. तो दगड पडला ना, त्या दिवशी मी पोटभर जेवले."

सावली रडत होती. तेही आवाज न करता.

काकू खाली वाकल्या. गुडघ्यांचा कट्ट आवाज झाला. खुर्चीच्या एकेका पायाचा मोजा त्यांनी ओढून काढला आणि चारही मोजे तिच्या हातात कोंबले.

"करार बिरार काही नाही. हवं तितकं राहा. पण वाजत जा, पोरी. टाच आपट, खुर्ची ओढ, दगड पाड, रडायचं तर भोकाड पसरून रड. खाली मी आहे. मला रोज सकाळी ऐकू येऊ दे की वर तू आहेस."