डाव्या बाजूचे ठोसे

यशवंत मिरजकरांना आयुष्यात कधी काही झालं नव्हतं. ताप आला तर ते "जरा अंग कोमट आहे" म्हणत, पाय मुरगळला तर बुटाला नावं ठेवत. ज्या वर्षी मुतखड्याने त्यांना स्वयंपाकघराच्या फरशीवर गडबडा लोळवलं, त्या वर्षीसुद्धा ॲम्ब्युलन्समध्ये चढता चढता त्यांनी शेजाऱ्याला "मजेत, मजेत" म्हणून हात केला होता. वय सत्तावन्न. मूळ गाव इचलकरंजी आणि गेली बावीस वर्षं मुक्काम जर्मनीतलं गेर्लिंगेन. कंपनीत ते पंपांची डिझाइन्स करत. गेल्या वर्षी त्यांची टीम हृषिकेश नावाच्या चौतीस वर्षांच्या मुलाकडे गेली आणि यशवंतांना मिळालं 'सीनियर एक्स्पर्ट' हे भारदस्त नाव आणि खिडकीजवळचं टेबल. यातल्या सीनियर या शब्दाचा अर्थ न कळण्याइतके ते भोळे नव्हते.

तेव्हाच त्यांनी कराटेचा क्लब गाठला. कॉलेजात असताना ते ब्राऊन बेल्टपर्यंत पोचले होते, पुढे नोकरी आणि लग्न यांत पट्टा ट्रंकेत गेला. गेर्लिंगेनच्या क्लबात दर गुरुवारी संध्याकाळी सहाला पन्नाशीच्या पुढच्या लोकांचं स्पारिंग, म्हणजे जोडीजोडीने लुटुपुटुची लढत, चाले. तिथे पहिल्याच दिवशी एक चमत्कार घडला. अकरा जणांच्या त्या घोळक्यात यशवंत सर्वांत लहान निघाले! बाकी सगळे पासष्टच्या पुढचे. ट्रेनर हेल्गाने त्यांच्या पाठीवर थाप मारून जाहीर केलं, "हा आमचा तरुण." कंपनीत खिडकीशी बसवलेल्या माणसाला आणखी काय हवं असतं? यशवंत बुधवारपासूनच शिट्टी वाजवत घरात फिरू लागले.

हेल्गा तीस वर्षं लोकांना गाडी चालवायला शिकवून रिटायर झालेली. स्पारिंगचे नियम तिने रस्त्याच्या नियमांसारखेच बसवले होते. ठोसा फक्त टेकवायचा. डोक्याला हेल्मेट, दातांत गार्ड. दमलात तर हात वर करून थांबायचं, त्यात कमीपणा नाही. आणि सर्वांत मोठा नियम: प्रत्येक फेरीआधी जोडीदारासमोर उभं राहून आज आपलं कुठे काय दुखतंय ते मोठ्याने सांगायचं. जोडीदाराने ते जसंच्या तसं परत म्हणायचं, म्हणजे ऐकल्याची खात्री. मगच नमस्कार आणि सुरुवात.

हा नियम त्या म्हाताऱ्यांचा जीव की प्राण होता. चौऱ्याहत्तर वर्षांचा डीटर तर असा रंगून सांगे की ऐकणाऱ्याने खुर्ची मागावी. डावा गुडघा कृत्रिम, पाठीत दोन मणके जाम, रक्त पातळ करायची गोळी सकाळी एक, उजव्या कानात मशीन पण आज बॅटरी कमी. यशवंत ते इमानदारीत परत म्हणत. मग त्यांची पाळी येई आणि ते छाती काढून सांगत, "काही नाही. सगळं ठीक."

आता हे साफ खोटं होतं, आणि ते खोटं आहे हे जगात फक्त यशवंतांना ठाऊक होतं.

मार्चमध्ये ते चष्म्याचा नंबर वाढला म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले होते. डॉक्टरीणबाईंनी डाव्या डोळ्यात बराच वेळ उजेड पाडला आणि शांतपणे सांगितलं की मोतीबिंदू आहे, आणि चांगला पिकलाय. यशवंतांना त्या खुर्चीतच घाम फुटला. मोतीबिंदू! मोतीबिंदू त्यांच्या आत्याला झाला होता. डोळ्यावर हिरवं फडकं बांधून ती महिनाभर पडवीत बसायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याला "कोण रे तू?" विचारायची. क्लबातला तरुण आणि मोतीबिंदू? छे! त्यांनी डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी घडी करून पाकिटात सारली आणि घरी येऊन सांगितलं, "नंबर तोच आहे."

पण डोळा काही त्यांचं ऐकेना. डावीकडून येणारं सगळं धुरकट दिसे. रस्त्यावर ते मान इतकी वळवून बघत की शेजारी बसलेल्या बायकोला, वसुधाला, वाटे, हे दुसऱ्यांच्या गाड्यांची मॉडेल्सच बघत बसतात. क्लबात मात्र मान वळवायला वेळ नसे. ऑगस्टमध्ये त्यांचा डावा कान सुजला. ऑक्टोबरमध्ये गालावर जांभळा डाग उठला. आणि गेल्या गुरुवारी डीटरने नियमाप्रमाणे अगदी अलगद सोडलेला ठोसा त्यांनी पाहिलाच नाही, उलट त्याच्याच दिशेने पुढे गेले. हेल्मेट होतं म्हणून निभावलं, तरी डोळ्याखाली वांग्याचा रंग चढला. बिचारा डीटर घाबरून खालीच बसला.

हेल्गाने यशवंतांना बाजूला घेतलं. "तीन वेळा," ती म्हणाली, "आणि तिन्ही वेळा डावीकडे. मी तीस वर्षं लोकांच्या शेजारच्या सीटवर बसले आहे. कोण बघत नाही ते मला कळतं. आल्झो, तर मग, पुढच्या गुरुवारी खरं सांग. नाहीतर मंगळवारी संध्याकाळी हॉकरगिमनास्टिक."

हॉकरगिमनास्टिक म्हणजे स्टुलावर बसून हातपाय हलवणं. त्यात चौदा आज्या होत्या आणि टेपरेकॉर्डर होता. यशवंतांनी खिडकीतून एकदा ते पाहिलं होतं आणि पटकन नजर वळवली होती.

"तिथेही तू सर्वांत तरुण असशील," हेल्गा म्हणाली.

घरी वसुधाने तो डोळा पाहिला. ती बालवाडीत शिकवायची. कोणी मारलं आणि कुठे लागलं, हे विचारण्यात तिचा दिवस जात असे, त्यामुळे तपासाला वेळ लागला नाही.

"कोणी मारलं?"

"मारलं काय? डीटरचा हात लागला."

"तोच ना तो कृत्रिम गुडघ्यावाला? वय काय त्याचं?"

"चौऱ्याहत्तर."

वसुधाने कणकेचे हात धुतले आणि पुसले. "अहो, चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस तुम्हाला तीन महिने बदडतोय. मला बघायचंय तो क्लब. पुढच्या गुरुवारी मी येणार."

"अगं, काही होत नाही मला."

"ते दिसतंय," ती म्हणाली.

आठवडाभर यशवंतांनी विचार केला. खरं सांगितलं तर तरुणपण गेलं, नाही सांगितलं तर स्टूल. मध्येच काहीतरी बारीकसं दुखणं कबूल करून मोठं लपवावं, असा बेत त्यांनी बुधवारी रात्री पक्का केला. अंगठा! अंगठा दुखतो म्हणायचं. अंगठ्याला वय नसतं.

गुरुवारी वसुधा पंजाबी ड्रेसवर जाकीट घालून, थर्मासमध्ये चहा घेऊन हॉलमधल्या बाकावर बसली. हेल्गाला बाकावर बसलेली माणसं आवडत नसत. "इथे बसून थंडी वाजते," ती म्हणाली. "पहिला तास फुकट असतो. बूट काढ आणि ये." वसुधा नको नको म्हणेपर्यंत तिच्या हातांत मऊ ग्लव्हज चढलेसुद्धा.

"नवीन माणसाने ओळखीच्याबरोबर सुरुवात करावी," हेल्गा म्हणाली आणि तिला नेमकं यशवंतांसमोर आणून उभं केलं. "डोक्याला हात नाही. फक्त पोटाला, उघड्या पंजाने, टेकवायचं. आधी दुखणी. घरच्या भाषेत सांगा हवं तर, पण दुसऱ्याने मला ते जर्मनमध्ये परत सांगायचं. वसुधा, तू आधी."

वसुधाने नवऱ्याकडे पाहिलं. "उजवा गुडघा," ती म्हणाली. "जिना उतरताना."

यशवंतांनी हेल्गाला सांगितलं. हेल्गाने मान हलवली.

"आणि डावा खांदा. हात वर जातच नाही. त्या कुशीवर झोपता येत नाही. सहा महिने झाले."

"सहा महिने?" यशवंत म्हणाले.

"प्रश्न नाही," हेल्गाने टोकलं. तिला मराठी कळत नव्हतं, पण सूर कळला. "फक्त परत सांगायचं."

यशवंतांनी परत सांगितलं, पण त्यांचा आवाज जरा बसला. सहा महिने वसुधा त्यांना हुकूम सोडत होती. वरचा डबा काढा. पडदा तुम्ही लावा. माझं जाकीट धरा. बाई हल्ली फार डोक्यावर बसायला लागली, असं त्यांनी फोनवर भावालाही सांगितलं होतं. त्यांना एकदम लाज वाटली.

"मला का नाही बोललीस?"

"बोलून काय झालं असतं? काही होत नाही गं, म्हणाला असतात."

हे अगदी खरं होतं. शेजारच्या जोड्या थांबल्या होत्या. डीटर कानातलं मशीन चाचपत पुढे सरकला होता.

"आता यशवंत," हेल्गा म्हणाली.

अंगठा तोंडापर्यंत आला होता. पण समोर ती बाई खांदा दुखत असताना ग्लव्हज घालून उभी होती, आणि तिच्यासमोर अंगठा म्हणणं त्यांना जमेना.

"डावा डोळा," ते मराठीत हळूच म्हणाले. "मोतीबिंदू झालाय. मार्चपासून माहीत आहे मला."

वसुधाने परत सांगायचं होतं. पण तिचा आवाज चढला. "मार्चपासून? आणि रोज सकाळी मला गाडीने सोडता ते?"

"परत सांगायचं," हेल्गा म्हणाली.

मग वसुधाने सांगितलं. बालवाडीतल्या तीस मुलांना एकदम ऐकू जाईल अशा आवाजात, स्वच्छ जर्मनमध्ये, तिने अख्ख्या हॉलला सांगितलं की या माणसाच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे, हे त्याला आठ महिने माहीत आहे आणि हा रोज गाडी चालवतो. यशवंतांनी जमिनीकडे पाहिलं. ती दुभंगावी आणि आपल्याला आत घ्यावं, असं त्यांना फार वाटलं.

"मोतीबिंदू?" डीटर आनंदाने ओरडला. "माझे दोन्ही झाले! वीस मिनिटं लागतात!"

"माझा उजवा दोन हजार सोळाला," मागून कोणीतरी म्हणालं. "माझे दोन्ही एका महिन्यात," आणखी कोणी. अकरा जणांतून सात मोतीबिंदू निघाले. कुठला डॉक्टर चांगला, थेंब किती दिवस घालायचे, पहिल्या दिवशी निळा रंग कसा निळा दिसतो, याची अशी काही चर्चा सुरू झाली की स्पारिंग राहिलं बाजूला. डीटरने यशवंतांच्या खांद्यावर हात टाकला. "मला वाटायचं मीच वाईट मारतो," तो म्हणाला, आणि त्याचे नवे डोळे चक्क ओले झाले होते.

हेल्गाने टाळी वाजवली. "गेनाऊ, अगदी बरोबर. आमचा तरुण गेला," ती म्हणाली. "ऑपरेशन होईपर्यंत आणि डॉक्टर हो म्हणेपर्यंत तुझं स्पारिंग बंद. तोपर्यंत मंगळवारी स्टूल. तुझी जागा मी ठेवते. आज दोन मिनिटं फक्त पोट, आणि वसुधा, तू फक्त त्याच्या उजवीकडून, त्याला दिसेल असं. चला."

वसुधाने नमस्कार केला आणि तुटून पडली. पंजा उघडा होता, टेकवायचंच होतं, पण त्या टेकवण्यात आठ महिने होते. एक, दोन, तीन, पोटावर फटाफट. "गाडी चालवतो! मला सांगत नाही! मजेत म्हणे!" यशवंत मागे सरकत गेले. मारत मात्र नव्हते. अडवताना तिचा डावा हात वर उचलला जाऊ नये म्हणून त्यांनी आपले हात खालीच धरले होते. मिनिटभराने त्यांच्या लक्षात आलं की एवढी चिडलेली असूनही तिचा प्रत्येक पंजा त्यांच्या उजवीकडूनच येतोय. आजवर क्लबात लागलेल्या माराचं त्यांना काही वाटलं नव्हतं. आज मात्र ते मागे सरकायचे थांबले.

बाहेर पार्किंगमध्ये वसुधाने हात पुढे केला. "किल्ली." यशवंतांनी निमूट दिली. ती दार उघडून बसली, स्टिअरिंगला हात लावला आणि पाच सेकंदांनी परत उतरली. डावा खांदा नाही म्हणाला होता. एकाला दिसत नव्हतं आणि एकीला वळवता येत नव्हतं, असे ते नवराबायको स्वतःच्या गाडीजवळ उभे राहिले. शेवटी चौऱ्याहत्तर वर्षांच्या डीटरने आपल्या गाडीतून हॉर्न दिला आणि दोघांना मागच्या सीटवर बसवलं.

डीटर सुरेख चालवत होता. दर वळणावर तो मोठ्याने सांगे की त्याला किती लांबचं दिसतंय.

यशवंतांनी बायकोकडे पाहिलं. जूनमध्ये तिने कमरेपर्यंतचे केस मानेशी कापून टाकले होते. सुटसुटीत झालीस, असं म्हणून त्यांनी तेव्हा पेपर उलटला होता.

"केस," ते म्हणाले, "त्यासाठीच कापलेस?"

"वेणी घालायला हात मागे जात नव्हता."

"मला सांगायचंस ना."

"तुम्हाला येते वेणी घालायला?"

"नाही." ते म्हणाले, "मंगळवारी संध्याकाळी स्टुलावरून आल्यावर मला तसं काही काम नसेल. शिकेन."

वसुधाने मानेशी कापलेल्या केसांवरून उजवा हात फिरवला.

"मग वाढवते परत," ती म्हणाली.