डाव्या पिळाचा दोर

आमच्या घरचा जावई व्हायचं तर एका धनुष्यापुरतं रानचेरीचं लाकूड स्वतः हुडकून, स्वतः तोडून आणायचं. आणि ते आणेपर्यंत मुलीला घेऊन जायचं नाव काढायचं नाही. हा नियम माझ्या सासऱ्यांचा. ते धनुष्यं करायचे, माझा नवरा करायचा, आता माझा थोरला डोकमान करतो. वसंतात चेरी काय, आंधळासुद्धा दाखवील. सगळा डोंगर करडा आणि मध्येच पांढरा ढग टेकलेला. पण तेव्हा झाड रसानं भरलेलं असतं, ते लाकूड वाळताना तडकतं. तोडायचं ते थंडीत, आणि थंडीत सगळी झाडं सारखीच उघडीनागडी.

म्हणून शहाणा माणूस फुलं असताना जाऊन झाडाला दोर बांधून येतो आणि थंडीत कुऱ्हाड घेऊन जातो. इतकं सोपं आहे. चिलसाँगनं त्याचीही वाट लावली.

चिलसाँग म्हणजे ओढ्याकाठच्या कागदवाल्यांचा मुलगा. खिडक्यांचा कागद विकायला दारावर यायचा. माझी धाकटी ओकदान त्याच्याकडून इतका कागद घ्यायला लागली, की त्या वर्षी आमच्या गोठ्यालाही कागदाची खिडकी झाली. बैल उजेडानं वैतागला, तेव्हा कुठं माझ्या लक्षात आलं.

मला मुलगा पसंत नव्हता. एक तर कागदवाला, त्यात डावखुरा. पंगतीत शेजाऱ्याच्या रश्श्यात कोपर बुडवणार. शिवाय मध्यस्थीणबाईंनी दारूभट्टीवाल्याचं स्थळ आणून ठेवलं होतं. बिजवर होता, पण दात सगळे शाबूत. मी ओकदानला बजावलं, "नवीन वर्षाच्या आत कागदवाल्यानं लाकूड आणलं तर तू त्याची. नाहीतर भट्टीवाला." सगळ्या आळीसमोर बोलले, त्यामुळे शब्द मागे घ्यायची सोय उरली नाही. मला तशी सवयही नाही.

थंडी पडली तसा चिलसाँग एक ओंडका खांद्यावर टाकून अंगणात आला.

"काकू, चेरी."

"कशावरून?"

"सालीवर आडव्या रेघा आहेत ना. तुम्हीच म्हणाला होता."

"आडव्या रेघा माझ्या कपाळावरही आहेत. मला तोड आणि कर धनुष्य."

डोकमान सरस ढवळता ढवळता खिंकाळला. मी सालीला बोट लावलं तर पापुद्रा सुटून आला.

"भूर्ज आहे हा. कागदासारखं सुटलं की भुललास, शेवटी जातीवर गेलास. चेरीची साल तांबूस, तुकतुकीत, चिवट. आम्ही ती धनुष्याच्या पाठीवर चढवतो, पावसापाण्यात दोन पिढ्या सुटत नाही. आणि कोवळ्या फांदीला नख मारलं की कडू वास येतो, जर्दाळूच्या बीसारखा. नाक घेऊन जातोस ना डोंगरावर?"

पुढच्या खेपेला नाक घेऊन गेला आणि रान-आलुबुखार घेऊन आला. वास जवळपास तोच, पण लाकूड इतकं वेडंवाकडं की त्याचा बाण सोडणाऱ्याच्याच पाठीत बसला असता. त्यानंतर अक्रोड. ओकदान चुलीपाशी बसून धूर नसताना डोळे पुसायला लागली. वर्ष संपत आलं होतं.

"अरे मूर्खा," मी म्हटलं, "गेल्या वर्षी फुलं असताना दोर बांधला होतास ना? ते झाड कुठं गेलं?"

"तिथंच आहे."

"मग तोड की!"

तो बुटांकडे बघायला लागला. "तोडता येत नाही, काकू. गेल्या थंडीत गेलो, तेव्हापासूनच लोक त्याला नमस्कार करतात."

मी कुऱ्हाड उचलली, ओकदानला म्हटलं चल, आणि त्याला पुढं घालून डोंगर चढले. गुडघे कुरकुरत होते, पण मी त्यांचं ऐकून घेत नाही.

झाड मात्र त्यानं छान हेरलं होतं. सरळसोट, एक गाठ नाही. माझ्या नवऱ्यानं बघितलं असतं तर जेवण विसरला असता. त्याच्या बुंध्याला दोर होता, आणि तो बघताच मी कपाळावर हात मारला. साधा दोर उजव्या पिळाचा असतो. डावा पीळ घालतात तो देवाच्या झाडाचा दोर, नाहीतर बाळंतिणीच्या दारावरचा. हा डावखुरा आपला मांडीवर वळत बसला, पीळ आपोआप डावा पडला आणि यानं चांगल्या धनुष्याच्या लाकडाचा देव करून ठेवला! खाली दगडांची रास, फांद्यांना रंगीत चिंध्या, तांदळाच्या वड्या, दारूची वाटी.

आणि समोर पलीकडच्या गावच्या बायका. त्यांची पुढारी, माहेरच्या गावावरून जिला नामवॉनवाली म्हणतात ती, जिच्या आंबवलेल्या सोयाबीनच्या चटणीला मी एकदा भर बाजारात नाक मुरडलं होतं.

"या, गोकसाँगवाल्या वहिनी," ती म्हणाली. "कुऱ्हाड घेऊन नवस बोलतात का तुमच्याकडे?"

"मी लाकूड न्यायला आलेय."

"या झाडाचं? अहो, या झाडानं काय केलंय ते बघा." तिनं एका सुनेला पुढं ओढलं. तिच्या पाठीवर झोळीत गुबगुबीत पोर. "इतकी वर्षं हिची कूस उजवली नव्हती. सासू हिला माहेरी धाडायला निघाली होती. या झाडापाशी डोकं टेकलं आणि बघा."

ती सून पोराचं डोकं कुरवाळत झाडाकडे अशी बघत होती, की माझा हात कुऱ्हाडीवरच राहिला. पण जीभ थांबते होय! हा दोर या बावळटानं बांधलाय, असं सांगायला मी तोंड उघडलंच. एका वाक्यात झाड मोकळं झालं असतं.

चिलसाँग मध्ये आला. त्यालाही ते वाक्य ठाऊक होतं, त्याचं तर सगळं लग्नच त्यात होतं. पण त्यानं त्या सुनेकडे बघितलं, टोपी सारखी केली, वाटीत दारू ओतली आणि झाडापुढं पालथा पडून नमस्कार घातला.

"माझंही एक मागणं आहे," तो मोठ्यानं म्हणाला. "ओकदान माझ्या पदरात टाक."

बायका फिसकन हसल्या. ओकदान बीटासारखी लाल.

"पदर कुणाला असतो रे? नवस तरी नीट बोल," मी म्हटलं.

"मुलगी यांची वाटतं?" नामवॉनवालीचे डोळे चमकले. "मग वहिनी, आता सगळं तुमच्या हातात. या झाडानं आजवर कुणाला रिकामं धाडलेलं नाही. तुम्ही नाही म्हणालात तर झाड खोटं पडेल. आणि उद्या या पोराला साधं शिंकायला झालं, तरी आम्ही कुणाच्या दारी यायचं?"

पोरानं नेमकं तेव्हाच शिंकायचं होतं! सगळ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या, जसं काही मीच त्याच्या नाकात काडी घातली.

भट्टीवाला माझ्या डोळ्यांपुढं येऊन सगळे दात दाखवत होता. आणि समोर हा गधडा, गुडघ्याला माती, हातात काही नाही, सांगायचं ते न सांगता बसलेला. मला एकाएकी वाटलं, असा माणूस घरात असलेला बरा. तोंड बंद ठेवता येणारं आमच्या घरात कुणीच नाही.

"नवीन वर्षाच्या आत लाकूड, असं मी म्हटलं होतं," मी म्हणाले. "कुठल्या नवीन वर्षाच्या, ते म्हटलं नव्हतं."

ओकदाननं माझा दंड इतका जोरात दाबला की वळ उठला.

"पण सासऱ्यांचा नियम सोडणार नाही. लग्न लावते. लाकूड आणेपर्यंत राहायचं माझ्या घरी. आणलंस की बायको घेऊन खुशाल जा कागद करायला."

लग्न झालं. मध्यस्थीणबाई अजून माझ्याशी बोलत नाहीत, त्यामुळे दुपारची झोप चांगली लागते. चिलसाँगनं आमच्या गोठ्यापासून माळ्यापर्यंत नवा कागद लावला, डोकमानकडून सरस करायला शिकला, आणि ओकदानचं हसू मला पार परसापर्यंत ऐकू यायला लागलं.

पुढच्या थंडीत तो एक ओंडका घेऊन आला. मी साल बघितली. तांबूस, तुकतुकीत, आडव्या रेघा. ओढून बघितली, सुटेना. फांदीला नख मारून नाकाशी धरली. कडू वास थेट मेंदूत गेला. लाकडाचा धागा तर असा सरळ, की डोकमान काम टाकून उठला आणि बोलायला तोंड उघडू लागला. मी त्याच्याकडे एक नजर टाकली, त्यानं मिटलं.

आत ओकदान वहिनीशी काहीतरी बोलत खिदळत होती.

"अक्रोड आहे," मी म्हटलं. "परत शोध."

चिलसाँगनं ओंडक्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"खरंच की, सासूबाई," तो म्हणाला. "चुकलंच माझं." आणि जेवायला आत गेला.