आपोआप बसणारं कुलूप

पोरांनो, पटणार नाही तुम्हाला, आणि पटलं तर तुमच्या अकलेचीच काळजी वाटेल मला. एक होता कुलूपवाला. त्याच्या घरात शिरताना माशीसुद्धा दोनदा विचार करायची. दाराला अकरा कुलपं. खिडक्यांना गज इतके दाट, की ऊनही आत यायचं ते पट्ट्यापट्ट्यांनी. एकदा एक चोर खटपट करून करून पायरीवरच झोपी गेला; सकाळी उठवून त्यालाच चहा पाजावा लागला.

बायको दमेकरी. ती म्हणायची, "अहो, चोराला न्यायला आहे काय आपल्याकडे? चार पातेली आणि माझा खोकला. राखणारा वर बसलाय."

"वरच्याला सांग, खाली मी आहे," कुलूपवाला म्हणायचा. "त्याच्या दारालासुद्धा कुलूप माझंच लागतं."

अकरावं कुलूप त्याचं फार लाडकं. घाईत माणूस कुलूप लावायला विसरतो, म्हणून दार ओढलं की आपोआप बसणारं. किल्लीशिवाय ते उघडून दाखवणाऱ्याला हा आपली मिशी काढून द्यायला तयार. वर छाती फुगवून सांगायचा, "माझं मला जमायचं नाही, तिथे तुमची काय कथा!"

एका दुपारी बायकोला असा दम लागला की ओठ निळे पडले. कुलूपवाला अनवाणी धावला डॉक्टरकडे. दहा कुलपं विसरला. अकरावं विसरलं नाही. दार मागे ओढलं गेलं आणि ते गुपचूप बसलं. किल्ली आत, खुंटीवरच्या सदऱ्यात.

डॉक्टरांना घेऊन आला, तर दार बंद. आतून श्वास ऐकू येत होता, ओल्या लाकडात करवत अडकावी तसा. अख्ख्या गावाची कुलपं चहा निवायच्या आत उघडणारा माणूस गुडघ्यांवर बसला. तार घातली, ती वाकली. दुसरी घातली, ती तुटली. शेजारचा सुतार पहार घेऊन धावत आला.

आतून बायको कशीबशी म्हणाली, "राहू दे आता. तो बघेल."

आणि इथेच तर खरी गंमत आहे. कुलूपवाल्याने हत्यारं खाली ठेवली. दाराला कपाळ टेकलं, हात जोडले. म्हणाला, "देवा, मी हरलो. आता घर तूच राख." बस्स! कुलूप खट्‌कन उघडलं. दार हळूच मागे सरलं. बायको खाटेवर उठून बसलेली, आणि पहिलं वाक्य काय, तर "चपला कुठे तुमच्या?"

"बाबा."

कपड्यांच्या घड्या घालता घालता ऐकत बसलेली, गोष्ट सांगणाऱ्या म्हाताऱ्याची मुलगी थांबली होती. हातात त्याचाच सदरा होता.

"पोरांना खोटं सांगू नका. मी तिथेच उभी होते. तुम्ही हात जोडलेच नाहीत. सुतारकाका पहार घेऊन उभे, आणि तुम्ही त्यांना दाराला हात लावू देत नव्हतात. 'दोनच मिनिटं, दोनच मिनिटं.' आईचा आवाज बंद झाला, तरी तुमची तार फिरतच होती. दार फोडलं, बाबा. कुलूप उघडलंच नाही."