पडद्याखालच्या ओळी

मुर्री गावच्या भैयालाल पटलेंनी गोंदियातल्या एका राइस मिलमध्ये मशीनवर सत्तावीस वर्षं काढली. पन्नाशी ओलांडेपर्यंत त्यांचे दोन्ही कान गेले. कानात घालायचं यंत्र आणून पाहिलं. पण त्यातून भांड्यांचा खणखणाट डोक्यात शिरायचा आणि माणसांचं बोलणं गढूळच राहायचं. यंत्र कपाटात गेलं. भैयालाल घरात गप्प बसू लागले.

त्यांच्याशी बोलायचं तर ओरडावं लागे. बायको दुर्गेश्वरी ओरडायची, मुलगा देवेंद्र ओरडायचा, नर्सिंग शिकणारी मुलगी प्राची ओरडायची. नवी सून रिंकी कशी ओरडणार? सासऱ्यासमोर पदर सांभाळून हळू बोलायचं, हे शिकूनच ती या घरात आली होती. लग्नाला आठ महिने झाले, तरी दोघांत एक शब्द झाला नव्हता.

दिवाळीनंतर देवेंद्रनं त्यांना मोबाइलवर हिंदी सिनेमा लावून दिला. पडद्याखाली इंग्रजी अक्षरं उमटत होती.

"बाबूजी, हे सबटायटल! जे बोलतात ते खाली लिहून येते!" देवेंद्र कानाशी ओरडला.

"पिक्चर हिंदी, आन लिहिते इंग्रजीत? काऊन?"

भैयालाल नववीपर्यंत शिकलेले. अक्षराला अक्षर जोडेपर्यंत ओळ पुसली जायची. मग ते सिनेमा मागे न्यायचे, अडलेला शब्द डायरीत उतरवायचे आणि संध्याकाळी देवेंद्रला विचारायचे. दुकानातून थकून आलेला देवेंद्र दोन शब्द सांगायचा आणि जेवायला बसायचा.

एका दुपारी छपरीत बसून त्यांनी मोठ्यानं विचारलं, "सॉब्स म्हणजे का व्हय? बाई तं काही बोलूनच नाही राहिली!"

ऐकायला फक्त रिंकी होती, लाखोरीची भाजी निवडत. ती बी. ए. झाली होती. तिनं भाजी बाजूला ठेवली. मग हात पुसून पुढं आली, डायरी ओढून घेतली आणि लिहिलं, 'हुंदके देते.'

भैयालालनी वाचलं, पडद्यावरच्या बाईकडं पाहिलं. "हो ना जी, रडून राहिली!"

त्या दिवसापासून रोज दुपारी शिकवणी सुरू झाली. सीन बदलला की काय होतं, फ्लॅशबॅक कशाला म्हणतात, पाऊल वाजलं की कोणता शब्द येतो. संगीत चढत असल्याची ओळ आली, तेव्हा रिंकीनं लिहिलं, 'आता काहीतरी वाईट होईल.' झालंही तसंच. भैयालाल खूश झाले. 'ऑफ-स्क्रीन'चा अर्थ तिनं लिहिला, 'माणूस दिसत नाही, आवाज येतो.'

"माझं तं उलटंच आहे," ते म्हणाले. "माणूस दिसते, आवाज नाही येत."

रिंकी हसली नाही. पुढचा शब्द होता 'इनडिस्टिंक्ट चॅटर'. तिनं जपून लिहिलं, 'लोक बोलत आहेत, शब्द कळत नाहीत.' भैयालालनी ती ओळ वाचली आणि मोबाइल बंद केला.

माघात प्राचीला पाहायला फुलचूरची मंडळी आली. मुलगा टिकेश, त्याचे काका डोमनलाल आणि आणखी दोघं. भैयालाल मध्ये बसले, सगळे हसले की हसत होते. डोमनलालनी विचारलं, "पोरीचं शिक्षण किती राहिलं?"

"अडीच एकर," भैयालाल म्हणाले.

पाहुण्यांनी एकमेकांकडं पाहिलं. देवेंद्रनं मान खाली घातली. काहीतरी चुकलं हे भैयालालना कळलं, पण काय ते कळेना. त्यांचा चेहरा रिंकीनं स्वयंपाकघराच्या दारातून पाहिला.

थोड्या वेळानं डोमनलाल हात धुवायला मागं आले. स्वयंपाकघराच्या खिडकीखाली ते सोबतच्या माणसाला म्हणाले, "नोकरी करणारी बहू आपल्याले नाही जमत. पण आता काही बोलू नको. लगन झालं का आपोआप घरी बसंल."

रिंकीनं डायरी घेतली. दुर्गेश्वरीनं तिचा हात धरला. "बहू, बैठकीत जाशील? गडी-मानसाइत?"

"आई, बाबूजींना कोण सांगणार?"

दुर्गेश्वरीनं हात सोडला. रिंकी पदर घेऊन गेली आणि सासऱ्यांच्या शेजारी चटईवर बसली. आधी लिहिलं, 'ऑफ-स्क्रीन'. त्याखाली डोमनलालचं बोलणं, जसंच्या तसं.

भैयालालनी दोनदा वाचलं. मग डोमनलालकडं वळले.

"पाव्हणे, प्राची नोकरी करन. लगनाच्या नंतरही करन. तुमाले चालत नसन तं आताच सांगा, मले राग नाही येणार."

डोमनलाल गडबडले. "आम्ही कुठं काही म्हटलं जी?"

रिंकीनं तेही लिहिलं. भैयालालनी टिकेशला विचारलं, "तुमचं का म्हणणं आहे?"

सगळे टिकेशकडं पाहू लागले. पेन कागदावर टेकवून रिंकी थांबली होती. तो पायाच्या अंगठ्याकडं बघत राहिला. शेवटी तिनं लिहिलं, 'मुलगा काहीच बोलत नाही.'

चौथ्या दिवशी फुलचूरहून नकार आला. प्राचीच परीक्षेचं पुस्तक बाजूला ठेवून ते सांगायला आली आणि बापाच्या डायरीत तिनंच लिहिलं, 'सुटले.' भैयालालनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

बहू बैठकीत बसली म्हणून भावकीत चर्चा झाली. दोन बायकांनी दुर्गेश्वरीला विहिरीवर गाठून विचारलंही. "बसली," ती एवढंच म्हणाली आणि बादली उचलली.

घरी आल्यावर ती छपरीत भैयालालच्या समोर बसली. चौथीनंतर तिनं पेन धरलं नव्हतं. रिंकीला तिनं जवळ येऊ दिलं नाही. ओठ हलवत, एकेक काना देत तिनं लिहिलं, 'तुमाले माझा राग आला होता का, मी ओरडत होती तं.'

भैयालालनी वाचलं. त्यांनी तिच्या हातातून पेन घेतलं. तोंडानं सांगता आलं असतं, तरी उत्तर त्यांनी लिहूनच दिलं, 'राग कायचा? तू ओरडत होती म्हणून तं ऐकू येत होतं', आणि दुर्गेश्वरी ते अक्षरावर बोट ठेवून वाचू लागली.