डावा खांदा

माझा नवरा बुश्ता वारला त्याला बासष्ट दिवस झाले आणि माझ्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. हे मी नाही मोजलं, माझ्या नणंदेनं मोजलं. खद्दूजला दुसरं काम काय? दुखवट्याला म्हणून वळकटी घेऊन आली आणि ठाण मांडून बसली.

"वहिनी, एकदा मोकळी हो गं," ती उठता-बसता म्हणायची. "माझा भाऊ होता तो. मी अजून रोज रडते."

"रड की. दोघींच्या वाटचं तूच रड."

"जीभ तेवढी शाबूत आहे तुझी!"

जीभ शाबूत होती, बाकीचं माहीत नव्हतं. सकाळी उठायचं, पांढरा झगा चढवायचा, पांढरा रुमाल डोक्याला बांधायचा. नवरा गेलेल्या बाईनं चार महिने दहा दिवस हे असंच राहायचं, उंबऱ्याच्या आत. चहात पुदिना आहे का नाही, हे कुणी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं. चौतीस वर्षांचा संसार आणि मी कोरडी ठणठणीत! मग मनात यायचं, तामू, तुझा त्या माणसावर जीव तरी होता का? या प्रश्नाची मात्र मला भीती वाटायची.

तशात हाजी मिलूदनी काम पाठवलं. हाजी गल्लीच्या टोकाला राहतात, अठ्ठ्याहत्तरीचे. बुश्ता आणि ते दर शुक्रवारी दुपारच्या नमाजाला बरोबर जायचे. नातीचं लग्न पुढल्या शुक्रवारी, त्यासाठी जेल्लाबा हवा, आमचा तो पायघोळ, मागे टोपी असलेला. कापड लेकीच्या हाती आलं, दुधाच्या सायीच्या रंगाची लोकर, आणि निरोप, "बाजारात टांगलेला मला नको. तामूच्या हातचा हवा."

मला नको म्हणायचाही कंटाळा होता. मी हो म्हटलं.

माझं काम दोरीवर चालतं. प्रत्येक गिऱ्हाइकाची एक दोरी, तिला गाठी, खांद्याला एक, बाहीला एक, उंचीला एक. सगळ्या दोऱ्या भिंतीवरच्या खिळ्यांना. कुणाचं पोट सुटलंय, कुणाचा एक पाय आखूड, सगळं त्या गाठींत असतं आणि तिथेच राहतं. साफी शहरातल्या निम्म्या बायका माझ्यासमोर उभ्या राहिल्यात, पण कुणाचं व्यंग मी कुणाला सांगितलं नाही. शिवणारणीनं तोंड उघडलं की तिचं दुकान बंद.

हाजींची दोरी काढली, मांडीवर ठेवली, कापड कापलं. कापताना डोक्यात काहीही नव्हतं. हात आपले चालत होते.

शिवणीवर आमच्याकडे रेशमाचा गोफ घालतात. एकानं सुई चालवायची, दुसऱ्यानं समोर बसून ताणलेले दोरे बोटांत धरायचे आणि टाक्यागणिक त्यांची अदलाबदल करायची. बुश्ताचं बंदरावरचं हमालीचं काम सुटलं, तेव्हापासून अकरा वर्षं माझे दोरे त्यानंच धरले. तोंडाची टकळी अखंड चालू, पण बोट कधी चुकलं नाही. आता खद्दूज बसली.

"कंबर मोडली गं माझी. तो कसा बसायचा?"

"गप्प नाही बसायचा, एवढं खरं."

ती डोळे पुसायला लागली. "दोरे ढिले पडतायत," मी म्हटलं.

बुधवारी हाजी स्वतःच आले. दुखवट्यातल्या बाईकडे परका पुरुष येत नाही, पण हे शेजारी, म्हातारे, वर खद्दूज समोर बसलेली, कोण काय बोलणार? त्यांनी जेल्लाबा अंगात घातला आणि आरशासमोर उभे राहिले. उंची ठीक, बाह्या ठीक. डावा खांदा मात्र दोन बोटं वर उचललेला.

"तामू, हे काय गं?"

मी आत हात घातला. खांद्याच्या आत लोकरीची गादी होती. चार पदरांची, बारीक टाक्यांनी बसवलेली. मीच बसवलेली. कधी बसवली ते आठवत नव्हतं.

बुश्तानं एकोणतीस वर्षं सार्डिन मासळीच्या पेट्या डाव्या खांद्यावर वाहिल्या. तो खांदा दोन बोटं खाली आला होता. मानी माणूस! लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी म्हणाला होता, "लोकांना दिसता कामा नये." तेव्हापासून त्याच्या प्रत्येक जेल्लाब्यात मी गादी घातली. सख्ख्या बहिणीला पत्ता नव्हता. आणि आता मी त्याचं गुपित दुसऱ्याच्या अंगावर चढवून भर खोलीत उभं केलं होतं.

"चुकलं, हाजी," मी म्हटलं. "उसवते."

"उसवून परत गोफ घालायला किती दिवस?"

"चार."

"लग्न परवा आहे, बाई." त्यांनी आरशात बघितलं, डावा खांदा जरा पाडला. जेल्लाबा बरोब्बर बसला, एक सुरकुती नाही. बोटांनी आतली गादी चाचपली. मग हळूच म्हणाले, "तीस वर्षं शेजारून चाललो आणि मला कळलं नाही."

"काय कळलं नाही?" खद्दूज म्हणाली.

"काही नाही. माझा खांदा म्हातारा झालाय, एवढंच. तामू, हा असाच नेतो."

मला लाज वाटली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा काहीतरी वाटलं आणि वाटली ती लाज. ते गेल्यावर त्यांची दोरी शिवणाच्या पसाऱ्यात सापडली, गुंडाळलेली तशीच. ती मी कापडाला लावलीच नव्हती; हातांनी बुश्ताचंच माप कापलं होतं, बांध्यानं दोघं सारखे म्हणून बाकीचं बसलं.

शुक्रवारी खद्दूजनं कुसकुस चढवला, आमचं दर शुक्रवारचं रव्याचं जेवण. वाफेनं घर भरलं. मी खिडकीशी बसून कुणाच्या तरी झग्याला गुंड्या लावत होते. नमाजाची वेळ झाली, गल्लीत पावलं वाजायला लागली. मी मान वर केली.

गल्लीच्या वळणाकडे एक पाठ चालली होती. सायीच्या रंगाचा जेल्लाबा, टोपी मागे पडलेली, डावी बाजू जरा दबलेली, उजवा हात झुलवत. मी काही विचार केला नाही. तोंडातून आपसूक निघालं, दर शुक्रवारी निघायचं तेच, खणखणीत.

"लवकर ये रे! कुसकुस गार होतो!"

गल्लीतली दोन माणसं थबकली. ती पाठ थबकली नाही. मागे न बघता उजवा हात वर गेला, बोटं दोनदा हलली, आणि पाठ वळणाआड गेली. असाच हात करायचा तो. हाजी दर शुक्रवारी त्याच्याशेजारीच असायचे.

खद्दूज हातात झारा घेऊन धावत आली. "कुणाला हाक मारलीस? वहिनी? काय झालं?"

मी तिच्याकडे बघितलं. हातातली गुंडी खाली पडली होती, दोरा ओला झाला होता.

"अगं खद्दूज," मी तिला सांगितलं, तिला अजून माहीतच नसल्यासारखं, "बुश्ता गेला गं."