मागच्या सीटचं वजन

मोटरसायकलच्या क्लच प्लेटा मी घरीच बदलल्या. जन्मभर खाणीत फिटर होतो. आता निवृत्तीनंतर नागपुरात हुडकेश्वरला राहून स्वतःची गाडी दुसऱ्याच्या हाती उघडायला द्यायची म्हणजे नाक कापून घेणंच. शिवाय बायको, प्रेमिला, गेल्यापासून घरात मी एकटा. हाताला काम नसलं की भिंती खायला उठतात.

घाई होती ती अपेक्षासाठी. ही माझी लेक, उमरेडला दिलेली. रविवारी एसटीनं येणार होती आणि तिला स्टँडवरून मी आणणार होतो. आमचं बापलेकीचं एक विचित्रच आहे. घरात समोरासमोर बसलो की दोघांचीही दातखीळ बसते. मी पंख्याकडे बघतो, ती मोबाइलकडे. पण गाडीवर मागे बसली, माझं तोंड दिसेनासं झालं, की पोरगी बोलायला लागते. गणितात नापास झाल्याचं तिनं मला मागूनच सांगितलं, नवरा म्हणून हर्षित पसंत असल्याचंही मागूनच. आई गेल्यावर सगळ्यांसमोर कोरडी राहिली आणि नंतर चालत्या गाडीवर माझ्या पाठीला डोकं टेकून रडली. हल्ली फोनवर तिचा आवाज दबलेला येतो. विचारलं तर म्हणते, "काही नाही बाबा." काहीतरी आहे, आणि ते ती मागच्या सीटवरूनच सांगणार, हे मला पक्कं ठाऊक होतं.

प्लेटा ऑइलमध्ये भिजवून बसवल्या आणि सक्करदऱ्याच्या तलावापर्यंत चक्कर मारून आलो. गाडी लोण्यासारखी चालली. मी स्वतःवरच खूश. शेजारच्या शोभाताई बाजाराला निघाल्या होत्या, म्हटलं बसा, सोडतो. पुलाच्या चढावर इंजिन नुसतं बोंबलायला लागलं आणि गाडी पुढे सरकेना.

"मले उतरवून द्या भाऊ," ताई म्हणाल्या. "आटो मिळते मले."

भर रस्त्यात माझी फिटरकी उतरली. घरी येऊन केबल पाहिली. लिव्हरला जेवढी ढील लागते तेवढी होती. ऑइल बरोबर होतं. मग पुन्हा सगळं उघडलं आणि माझ्याच कपाळावर हात मारला. प्लेटा नव्या टाकल्या होत्या, पण त्यांना दाबून धरणाऱ्या स्प्रिंगा मी जुन्याच बसवल्या होत्या, 'चालतात अजून' म्हणून. हत्ती गेला आणि शेपूट राहिलं! त्या मऊ पडल्या होत्या. माझ्या एकट्याच्या वजनाला पुरत होत्या, म्हणून इतके दिवस कळलंच नाही. मागे बसतं कोण?

नव्या स्प्रिंगा आणून बसवल्या. आता वजन ठेवून पाहायला हवं होतं. शोभाताईंना पुन्हा बसा म्हणायची हिंमत नव्हती. दुसरं कोण, म्हणून गल्लीभर नजर फिरवली. सगळी दारं बंद. वाईट वाटलं. एवढ्या वर्षांत, जरा मागे बसता का, असं विचारण्याजोगं एक माणूस मी जोडलेलं नव्हतं. शेवटी घरातलं गव्हाचं पोतं सीटवर दोरीनं आवळलं आणि निघालो.

पुलाचा तोच चढ गाडी तक्रार न करता चढली. वर पोचल्यावर मी मोठ्यानं म्हणालो, "बोल वं आता." बाजूनं जाणारा स्कूटरवाला माझ्याकडे बघत राहिला.

पूल उतरून तलावाशी थांबलो तेवढ्यात अपेक्षाचाच फोन आला.

"बाबा, रविवारी स्टँडवर येऊ नका. हर्षित कार काढून राहिला. तासभर बसू अन् वापस निघू."

"कारनं काहून? एकटी ये ना वं बसनं."

"काहून बाबा?"

तुझ्याशी बोलायचं आहे, असं म्हणायचं होतं. अगदी ओठांवर आलं होतं. पण ते कधी तोंडानं म्हटलेलं असेल तर जमेल ना!

"क्लच नवा टाकला," मी म्हणालो. "दोघांच्या वजनाबिगर समजत नाही ना, बरोबर बसला का नाही ते."

ती हसली. किती तरी दिवसांनी हसली.

"मंग गव्हाचं पोतं बांधून पाहा ना बाबा!"

"पाहतो," मी म्हणालो, आणि फोन ठेवून मागच्या पोत्याची दोरी उगाचच पुन्हा आवळली.