नवसाची तिथी

पालीच्या किनाऱ्यावरचा कैतान तांडेल सत्तरीला टेकला, तेव्हा त्याने बोटीवर जाणे सोडले आणि सुकाणू पास्कलच्या, म्हणजे आपल्या एकुलत्या मुलाच्या हाती दिले. इंजिनाची किल्ली मात्र घरातल्या क्रुसाखालच्या खिळ्यावरच राहिली. बोट समुद्रात न्यायची तर किल्ली बापाच्या हातून घ्यायची, असा त्या घरचा रिवाज होता.

तीन वर्षांपूर्वी अवेळी उठलेल्या वादळात पास्कल दोन दिवस बेपत्ता होता. कैतानने क्रुसासमोर गुडघे टेकले आणि नवस केला, "पोर परत येऊ दे. मी जिता हाय तवर थॉमसच्या दिवशी बोट पान्यात जायची न्हाय." पोर परत आले. तेव्हापासून एकवीस डिसेंबरला, नाताळ चार दिवसांवर आलेला आणि गावच्या साऱ्या बोटी बाहेर गेलेल्या असताना, कैतानची बोट तेवढी बांधलेली असे. त्याची आई हयातभर संत थॉमसचा सण त्याच दिवशी पाळत आली होती. त्या संताला दुसराही दिवस असेल, हे त्याच्या ध्यानीमनी नव्हते.

यंदा सणाच्या आठवडाभर आधी पास्कल नव्या वर्षाचे कॅलेंडर घेऊन आला आणि त्याने जुलैचे पान बापासमोर धरले.

"पप्पा, हे वाचा. तीन जुलै, संत थॉमस. फादरना पन विचारला. रोमच्या पोपनं तारीख कधीच बदलली. तुमी अजून आजीच्या कॅलेंडरवर चाललाय."

"मंग तीन वरसं मी काय पाळला?"

"सुट्टी पाळली!" पास्कल हसला. "जुलैत मासेमारी बंद. बोट वाळूवर झाकलेली. नवस आपोआप फिटतोय. एकवीसला मी जानार."

त्या दिवसापासून कैतानचे अन्नावरून मन उडाले. जुलै खरा असेल, तर प्रश्नच मिटला. डिसेंबर खरा असेल आणि बोट गेली, तर थॉमसने परत दिलेले पोर तो एखाद्या दिवशी परत मागेल.

फादरचे उत्तर मुलाने आधीच आणले होते. तिथीवाराचे कोडे म्हणून कैतान गोडदेवला आत्मारामपंतांकडे गेला. पंत निवृत्त शिक्षक. पास्कलला शाळेत संस्कृत त्यांनीच शिकवले होते.

"या तांडेल! तुमच्या चिरंजीवांना 'राम' शब्द अजून चालवता येतो का?"

"बोट चालवतो, गुरुजी. तेच्यातच घोळ हाय."

सारे ऐकून पंत म्हणाले, "अहो, आमच्यातही कधी कधी एकच एकादशी स्मार्त आज करतात आणि भागवत उद्या. उपाशी दोघेही राहतात. आमच्या शेजारचे कुरियन मल्याळी ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती आहेत. त्यांच्याकडे तुमच्या थॉमसची आठवण एकवीस डिसेंबरलाही करतात. ग्रीक लोक म्हणे ऑक्टोबरात करतात."

"म्हंजे तीन झाले! यातला खरा कंचा?"

"ते सांगणारा मी कोण? आम्ही संकल्प सोडताना मास, पक्ष, तिथी, सगळे उच्चारतो. मागाहून पळवाट राहू नये म्हणून. तुम्ही कोणती तिथी उच्चारलीत?"

"तिथी न्हाय. थॉमसचा दिवस, एवढाच बोललो."

"आणि मनात?"

कैतानच्या मनात आईचा सण होता. बांधून ठेवलेली होडी होती, आणि ओट्यावर बसून दुसऱ्यांची शिडे दूर जाताना पाहणारा त्याचा बाप होता.

"एकवीस," तो म्हणाला. "त्या दिवशी सगळी जातात, आनि आपन न्हाय जात. जुलैत कोनच जात न्हाय."

"मग मला विचारायला कशाला आलात? चहा घ्या."

वीस तारखेला पास्कलने बोटीत बर्फ भरला. एकवीसला सकाळी कैतान पांढरा सदरा घालून उंबऱ्यापाशी थांबला. बापाने बोट बांधली, तर नवस पाळणे एकट्या बापाचे होईल. वाचला तो मुलगा होता; पाळायचे की नाही, हे त्याने ठरवायचे.

"चावी खिळ्यावर हाय," तो म्हणाला. "मी हातात देनार न्हाय. अडवनार पन न्हाय."

एवढे बोलून तो बसने निघाला आणि पंतांनी गाठ घालून दिलेल्या कुरियनांबरोबर मिरा रोडला त्यांच्या चर्चमध्ये गेला. चपला बाहेर काढून दोन तास उभा राहिला. मल्याळम प्रार्थनेतला एकही शब्द त्याला कळेना. फक्त 'मार तोमा', म्हणजे संत थॉमस, हे नाव आले की तो मान लववी.

बाहेर येताच खिशातला फोन वाजला.

"पप्पा, बर्फ उतरवला. खलाशी शिव्या घालतात."

"का रं? कॅलेंडर फाटला काय?"

"खिळ्यापर्यंत हात गेलेला." पास्कल जरा थांबला. "त्या वादळात मी पन थॉमसलाच हाक मारलेली, पप्पा. तारीख न्हवती सांगितली."

कैतानने फोन दुसऱ्या कानाला लावला. अंगणातली माणसे त्याच्या बाजूने जात होती.

"या लवकर जेवायला," पास्कल म्हणाला. "मासे न्हायत घरात. डाळभात हाय."

"येतो," कैतान म्हणाला आणि चपला शोधू लागला.